बंबाचा सौदा

निजामुद्दीनभाईंनी रिसोडच्या धान्यबाजारात अख्खी हयात घालवली, आणि त्या हयातीत एकही वस्तू पहिल्या भावात घेतली नाही. आवक वाढली का भाव पडते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोयाबीनच्या बाबतीत ते खरंही होतं. पण हा भला माणूस तेच वाक्य कशालाही लावायचा. पोरीच्या लग्नात त्यांनी ते मांडवाच्या कापडाला लावलं, आणि भाव पडेस्तोवर वऱ्हाड उन्हात बसलं. लोक हसले. लोक जळतात, असं भाईंचं मत पडलं.

यंदा त्यांनी ते वाक्य न्हाणीतल्या बंबाला लावलं.

घरात गिझर होता, पण पहाटे त्या गल्लीत लाइट असली तर नवल. त्यामुळे पाणी तापायचं ते तांब्याच्या बंबातच. नेहमीचा लाकूडवाला धंदा बंद करून पोराकडे पुण्याला गेला आणि त्याच्या जागी एक नवी कंपनी आली. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, दाबून ती जळणाच्या जाड कांड्या करायची आणि घरपोच टाकायची. अट एकच, हिवाळाभराचा करार करा. सुटी कांडी मिळणार नाही.

दिवाळी झाली तशी अमीनाबीनं नवऱ्याला सांगितलं, "सबिहाचे अब्बा, लाकडं सरत आले. थंडी पडायच्या आधी काय ते घेऊन टाका. गार पान्यानं माहे बोटं सुजतात, मूठ वळत नाई. पहाटे नमाजाआधी हातपाय धुवाले, वजू कसा करू मी?"

"घेऊ ना. घाई केली का मानूस फसते," भाई म्हणाले आणि कंपनीच्या पोराला बोलावणं धाडलं.

एजाज नाव त्याचं. गुणी पोरगा, नोकरीत नवा, म्हणून अजून हसतमुख होता. त्यानं तीन प्रकार समजावून सांगितले. पहिला ठरीव भाव, म्हणजे आज ठरेल तोच शेवटपर्यंत. दुसरा चालू भाव, दर महिन्याला बाजार म्हणेल तो. तिसरा टोपीचा भाव, म्हणजे एका हद्दीच्या वर चढणार नाही, खाली आला तर तुमचा फायदा, पण त्या टोपीचे पैसे आधी भरायचे.

"म्हंजे टोपी घालायचे पैसे बी आमीच द्यायचे," भाई म्हणाले. एजाज हसला. तेव्हा त्याला वाटलं, ही गंमत चालली आहे.

गंमत कसली बाप्पा! पोरगा परत आला, परत आला, आणि दर खेपेला चहा झाला. ठरीव भाव घ्यावा तर उद्या भाव पडला म्हणजे बाजारात तोंड दाखवायची सोय नाही. चालू भाव घ्यावा आणि चढला तर? टोपी घ्यावी आणि भाव जागचा हललाच नाही, तर टोपीचे पैसे गेले पाण्यात. असा पेच सोडवायला मग रिठदहून दौलतसिंग आले. भाईंचे जुने दोस्त, स्वतःच्या शेतात जायला वेळ नाही पण लोकांच्या सौद्यात हजर. दोघं ओसरीवर उन्हाला बसले. कुटार कशाचं, सोयाबीनचं. सोयाबीनचा भाव कोण ठरवते, ब्राझील. म्हणून ब्राझीलमध्ये पाऊस किती झाला इथपासून सुरुवात झाली, आणि ओसरीपासून चार पावलांवर असलेल्या न्हाणीपर्यंत ते दोघं काही पोचले नाहीत.

चहाचे कप तेवढे न्हाणीत पोचत होते. ते अमीनाबी विसळत होती, गार पाण्यात.

लाकडं संपली. तिनं गॅसवर पातेलं ठेवलं, तर भाई म्हणाले, सिलिंडर उडवायला हा काय बापाचा माल हाये? स्वतः भाई पहाटे मशिदीत जात. तिथं गच्चीवर सोलर होता, वजूला पाणी छान कढत. तेव्हा थंडीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. राग येतो असल्या माणसाचा. वाईट नव्हता, हेही खरं. फक्त दुसऱ्याचे हात त्याला कधी गार लागले नाहीत.

एका सकाळी अमीनाबीनं बुरखा चढवला आणि पिशवी उचलली. "सबिहाकडं चालली मी, कामरगावले."

"काहून?"

"तिच्या घरी पानी गरम असते."

भाईंना वाटलं, रुसली, येईल दोन दिसांत. आली नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात एजाज धावत आला. कंपनीत माल तुंबला होता. आवक वाढली होती. भाव पडला होता!

भाईंचा चेहरा असा काही खुलला की सांगायची सोय नाही. म्हणाले, बस, आधी चहा घेऊ, मंग सही. पण घरात एक कप धड नव्हता, सगळे मोरीत पडलेले. भाई विसळायला बसले. टाकीचं पाणी हातावर आलं आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. तीन कप झाले तेव्हा बोटं लाल आणि बधिर. ओसरीवर येऊन त्यांनी पेन उचलला, तो गळून पडला. परत उचलला, परत पडला. आयुष्यातला सगळ्यात नामी सौदा समोर, आणि मूठ वळेना. एजाज म्हणाला, "चाचा, आंगठा दिला तरी चालते." भाईंनी खाली मान घालून आंगठा उठवला.

दुपारच्या जीपनं ते कामरगावला पोचले. जीपमध्ये मनाशी बरंच काही जुळवलं होतं, पण अमीनाबी दिसल्यावर जुनंच तोंडून निघालं. "भाव पडला. घेतला माल. चाल घरी."

"बरं झालं," अमीनाबी म्हणाली. "आन् पेटवनार कोन?"

तिन्ही प्रकारांत हा मुद्दा कुठंच आला नव्हता.

"मागं सबिहाचा बंब हाये, तुराट्या हायेत," ती म्हणाली. "तापवा पानी. मंग पाहू जायचं."

भाई अंगणात जाऊन उकिडवे बसले. अर्धी काड्यापेटी संपली. जाळ काही होईना, धूरच धूर. डोळे चोळत, खोकत ते फुंकत राहिले. सबिहा उठायला लागली तशी आईनं तिचा हात धरून बसवलं.

बऱ्याच वेळानं भाई तांब्या भरून आले. दाढीला राख लागली होती. अमीनाबीनं हात पुढं केले, त्यांनी धार सोडली. तिच्या बोटांच्या सुजलेल्या पेरांकडे ते आज पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होते.

"चालते का एवढं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाई," ती म्हणाली.

निजामुद्दीनभाई तांब्या घेऊन परत बंबाकडे गेले.