पंखांचा वारा

मित्रांनो, लिंबाच्या सावलीत विटांवर टेकवलेली, कडेला तारेने आवळलेली जुनी लाकडी पेटी दिसली, तर समजा ती मीच. माझ्यात सातेरी जातीच्या मधमाश्या राहतात. घाटनांदूरच्या एका सुताराने मला घडवले. तेव्हा मला वाटायचे, आपण म्हणजे चार फळ्या, एक झाकण आणि आत टांगलेल्या लाकडी चौकटी. आपल्यात कसले आले नवल!

माझी मालकीण पंचशीला. गावाबाहेर तिचे दीड एकर रान आहे. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या विहिरीने तळ गाठला आणि माझ्यातल्या माश्या एका दुपारी उठून निघून गेल्या. मग दोन वर्षे मी गोठ्यात पडून होते. एका कोंबडीने माझ्यात अंडीही उबवली. शेवटी पंचशीलाने लिंबाच्या ढोलीतून नवी वसाहत आणली, मला घासूनपुसून ती माझ्यात बसवली आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर जे पाहिले, ते शब्दांत मावत नाही. माश्या फुलांतून पाण्यासारखा पातळ रस आणायच्या आणि पंखांच्या वाऱ्याने तो आटवत राहायच्या. एक माशी जन्मभर राबली, तरी तिचा मध थेंबभरच. अशा हजारो माश्या माझ्यात होत्या!

गेल्या एप्रिलमध्ये विहीर पुन्हा आटली. माश्या शेजारच्या मुंजाजीभाऊंच्या हौदावर पाण्याला जाऊ लागल्या. एके दुपारी भाऊ तावातावाने आले.

"बाई, तुमच्या माशा आमच्या बैलाला पाणी पिऊ देईनात. ही पेटी उचला, न्हाईतर मी हौद झाकून टाकतो."

पाणी तुटले की माश्या जाणार, हे मी एकदा भोगले होते.

पंचशीला शांतपणे म्हणाली, "हौद तुमचाय, भाऊ. झाका. पर आधी ह्या पेटीच्या दाराशी हात धरून बघा."

"कावून? चावून घ्यायला?"

"हलू नका, न्हाई चावत."

भाऊंनी बिचकत हात पुढे केला. बाहेर ऊन नुसते भाजत होते आणि माझ्या दारातून गार, ओलसर वारा येत होता. त्यांनी हात काढला, पुन्हा धरला.

"आत काय ठिवलंय?"

"काहीच न्हाई. त्या पाणी आणतेत, पोळ्यावर थेंब थेंब मांडतेत अन् पंखानं वारा घालतेत. न्हाईतर मेण वितळंल, पिल्लं मरतील."

"किती येळ?"

"ऊन उतरंस्तवर. एक थकली की तिच्या जागी दुसरी उभी राहती."

भाऊ खाली वाकले. दारात माश्यांची रांग डोके खाली घालून पंख हलवत होती. एकही जागची हलत नव्हती. भाऊंनी डोक्याचा रुमाल काढला आणि बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. मग रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पंचशीला आणि मी, दोघीही धास्तावलो होतो. सकाळी भाऊ घमेले घेऊन आले. ते त्यांनी बांधावर ठेवले, पाण्याने भरले आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात कडब्याची धाटे टाकली. तो उन्हाळा ते रोज आले. माझ्यातल्या माश्या कुठेही गेल्या नाहीत.

पुढच्या फेब्रुवारीत पंचशीलाने माझ्या वरच्या मजल्यातला मध काढला. खालचा माश्यांसाठी तसाच ठेवला. मध तापवला नाही, फक्त फडक्यातून गाळला. पहिली वाटी भाऊंना दिली. त्यांनी बोट चाटले आणि डोळे मिटले.

"लई निराळं लागतंय. कशाचं हाय हे?"

"तुमच्या करडईच्या फुलांचं, भाऊ."

भाऊ वळून आपल्या रानाकडे पाहत राहिले.

"चाळीस वर्सं करडई करायलोय मी," ते हळूच म्हणाले, "अन् माझ्या रानात हे व्हतं?"

मित्रांनो, मी आता थकले आहे. एका फळीला वाळवी लागली आहे. तुमच्याकडे एवढेच मागते. पाण्यावर माशी आली तर तिला हाकलू नका. पिकावर औषध मारण्याआधी शेजारच्या मधपाळाला सांगा. आणि कधी मधपेटी दिसली तर जपून जवळ जा, श्वास रोखा आणि ऐका. आत काम चालू असेल.