पहिली ओळ रिकामी

माझी ताई सव्वीस वर्षांची आहे, शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, आणि आमच्या नगरपालिकेसाठी तिने आजवर एकदाही मत दिलेलं नाही. कारण निवडणूकच झालेली नाही. नऊ वर्षं! मी दुसरीत होते तेव्हापासून एक प्रशासक जातो, दुसरा येतो. नळाचं पाणी तेवढं नुसतं जातं.

कायद्यात एक कलम आहे. दहातल्या एका मतदाराने सही केली, तर नव्वद दिवसांच्या आत मतदानाची तारीख जाहीर करावीच लागते. ते कलम ताईने शोधून काढलं. सह्यांचा कागद तयार केला, पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर आपली सही ठोकली आणि घरोघर हिंडायला लागली. दीड महिन्यात तिची बदली झाली. 'प्रशासकीय कारणास्तव', असं पत्रात होतं. बसने अठरा तास लांब.

बस सुटताना मी रडून नुसता गोंधळ घातला. ती खिडकीतून म्हणाली, "आधी नाक पूस. माझं नाव इथल्याच यादीत आहे. मतदानाला येईन ना!"

"आणि मतदान झालंच नाही तर?"

"मग तू कशाला आहेस इथे?"

तर मी ह्याला आहे. गेल्या वर्षापर्यंत मला वर्गात 'हजर' म्हणतानाही घाम फुटायचा, आणि आता मी अनोळखी काकांना दारातच सांगते, "मतदार क्रमांक नीट लिहा, सही चौकटीच्या आत, धन्यवाद!" मला स्वतःला सही करता येत नाही. मी सोळाची. ताईच्या दोन मैत्रिणी, आई आणि मी, असं आम्ही दोन हजार एकशे सह्यांचं गणित पुरं केलं. एका पानावर वीस, अशी एकशे पाच पानं.

बाबांनी सही सोडून सगळं केलं. त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, आणि दुकानाचा परवाना दरवर्षी नगरपालिकेच्याच इमारतीतून येतो. "मी मागे असतो ना तुमच्या," एवढंच म्हणायचे. मी कधी वाद घातला नाही. मनात घातला, भरपूर.

बाबांना एखादी गोष्ट आवडली की ते ती लॅमिनेट करतात. माझी प्रगतिपुस्तकं, मी बालवाडीत काढलेला हत्ती, आईने लिहिलेली वाणसामानाची एक यादीसुद्धा. कारण काय, तर अक्षर छान आलं होतं! तर सह्या पूर्ण झाल्याच्या दिवशी मी शाळेतून आले, आणि बाबा काउंटरमागे उभे, हसू लपत नाहीये. एकशे पाचच्या एकशे पाच पानं प्लास्टिकमध्ये, चकचकीत.

"आता भिजणार नाहीत, फाटणार नाहीत, कुणाला खाडाखोड करता यायची नाही," ते म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या! खोटं कशाला बोलू.

नगरपालिकेत आवक टेबलावर एक बाई बसतात. मी त्यांना शिक्केबाई म्हणते. त्यांनी पहिल्या पानावर शिक्का मारला. शाई प्लास्टिकवर थेंब थेंब गोळा झाली. त्यांनी अंगठा फिरवला. शिक्का गायब.

"प्रत्येक पानावर तारखेचा शिक्का लागतो," त्या म्हणाल्या. "ह्यावर मी मारू कुठे? हे काय ताटाखाली ठेवायचं आहे का?"

घरी ब्लेडने एक कोपरा सोडवून पाहिला. प्लास्टिकबरोबर सहीही निघून आली. आणि नऊ दिवसांनी नवीन मतदारयादी लागणार होती. मग सगळे क्रमांक बदलणार, जुन्या सह्या रद्द.

बाबा दुकानात गेले. लॅमिनेशनचं मशीन बंद केलं, त्यावर फडकं टाकलं आणि कोऱ्या पानांच्या झेरॉक्स काढायला लागले.

पुन्हा तीच दारं, तेच जिने. केशकर्तनवाले काका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता म्हणाले, "परवाच दिली की सही. आवडली नाही का पहिली?"

"फार आवडली काका. म्हणून तर बाबांनी जपून ठेवलीय."

अख्खं दुकान हसलं. पण सही दिली त्यांनी, आणि साबण लावलेल्या गिऱ्हाइकानेही.

नव्या पहिल्या पानावर पहिली ओळ मी कोणालाच दिली नाही. ताई येईल, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तिने रजा मागितली होती. बसथांब्यावरून हॉर्न ऐकू आला की गणिताच्या तासालाही माझे कान तिकडे. घरी तिची जुनी सही प्लास्टिकखाली होतीच. मी तिच्यावरून बोट फिरवायचे. सही दिसायची, पण बोटाला नुसतं गुळगुळीत लागायचं.

शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. "नाही दिली गं रजा. तू जा."

गेले. युनिफॉर्ममध्येच, साडेचार वाजता. पिशवी धरायला बाबा होते. एकशे सहा पानं, दोन हजार एकशे बारा सह्या. तरीही ती ओळ मी भरली नव्हती. का, ते मला सांगता येणार नाही. भरली असती, तर ताई येणार नाही यावर मीच शिक्का मारल्यासारखं झालं असतं.

शिक्केबाईंनी पहिलंच पान वर धरलं. "ही ओळ रिकामी कशी? मागाहून कोणीही नाव घुसडेल. पान बाद होतं."

"तिथे काट मारते."

"काट शेवटच्या पानाच्या तळाला चालते. इथे ती खाडाखोड."

ते पान गेलं की एकोणीस सह्या जाणार होत्या, आणि आम्ही सातने कमी पडणार होतो. घड्याळात पाचला दहा कमी. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"पेन दे," बाबा म्हणाले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. परवाना विभागाची खिडकी अगदी समोर होती, आणि तिथला माणूस मान वर करून बघत होता. बाबांनी नाव लिहिलं. मतदार क्रमांक लिहिला, यादी न बघता, सगळेच्या सगळे आकडे. पाठ होता त्यांना! मग सही. चौकटीच्या आत.

शिक्केबाईंनी एकशे सहा वेळा शिक्का मारला. शेवटी पोच दिली. बाबांनी ती उजेडात धरली. "ही आपण जरा लॅमि—"

"नाही!" मी आणि शिक्केबाई एकदमच ओरडलो.

बाहेर पायरीवर बसून मी ताईला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"माझ्या ओळीवर कोण?" तिने विचारलं.

"बाबा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेयस?"

"छे. नाक पुसतेय."

नव्वद दिवस. तेही फक्त तारीख कळायला, मतदान त्याच्याही पुढे. तोवर परीक्षा होऊन जाईल माझी. तरी घरी आल्या आल्या मी ताईची उशी उन्हात टाकली. ऊन जेमतेम हातभर उरलं होतं. घाईच झाली, मला कळतं. पण टाकली.