ठळक अक्षरांतली नालोंगो

तान्ह्या लेकीचा, बिरुंगीचा, डोळा लागला की नासूना आधी फोनवरचा फीड रीडर उघडायची. आवडते ब्लॉग तिने त्यात गोळा केले होते. कुणी नवं लिहिलं की ते आपोआप तिथे येऊन पडायचं, ठळक अक्षरांत. स्वतःचा ब्लॉगही तिने त्यात घातला होता. आपलं नाव ठळक दिसलं की बरं वाटायचं, एवढंच.

पण सगळ्यात वर रोज असायची नालोंगो. युगांडातल्या त्यांच्या मुकोनो गावातच तीन गल्ल्या पलीकडे राहणारी मैत्रीण. खरं नाव नाकन्वागी, पण जुळी झाल्यापासून ती नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई; तिला नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. मटोके, म्हणजे भाजीची हिरवी केळी, विकणारी म्हातारीसुद्धा "या नालोंगो, बसा नालोंगो" करत चार केळी जास्तीची टाकायची. नासूनाला एकच झालेली; तिला कोण बसा म्हणतंय!

आणि नालोंगो लिहायची कसं! आज लिहिलं होतं, जुळ्यांतल्या वास्वाच्या टाळूला दुधाचा वास येतो, काटोच्या टाळूला भाजलेल्या शेंगदाण्यांचा. खाली प्रतिक्रियांची ही रांग. नासूनाच्या लिखाणाखाली बहीण तेवढी 'छान' म्हणून जायची.

टाळू तर आपणही रोज हुंगतो. मग हे आपल्याला का सुचू नये?

तिची बोटं भराभरा चालली. 'पोरं सांभाळायला मुलगी ठेवली की जुळ्यांच्या मानकरणीला टाळू हुंगायला सवड मिळते. आमची इथे भाजी करपते.' लिहिलं आणि टाकलंही. बिरुंगी कुसकुसली. तिला थोपटून नासूनाने पुन्हा वाचलं, तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. तिने ते खोडून टाकलं. सुटले!

सहज रीडर उघडला, तर ते तिथे होतंच. ठळक. रीडरने एकदा उचललं की ब्लॉगवरून खोडून उपयोग नसतो, हे तिला ठाऊक होतं. रागात आठवलं नव्हतं एवढंच. आणि पोरं दुपारी निजली की नालोंगोही आपला रीडर उघडायची; त्यात नासूनाचा ब्लॉग होता.

बिरुंगीला पाठीशी बांधून ती धावतच सुटली.

दारात पोचली तर वास्वा चटईवर झोपलेला, काटो मांडीवर किंचाळतोय आणि नालोंगोचे केस पिंजारलेले.

"ये. आत्ताच वाचलं तुझं."

नासूना उंबऱ्यातच थबकली. "मी... काढून टाकलंय गं ते."

"माहितीये. उत्तर द्यायला गेले तर पान गायब."

"काय लिहिणार होतीस?"

"हेच, की सांभाळणारी मुलगी गावी गेली त्याला महिना झाला. तुला कसं कळणार? तू येतेस कुठे? वाचतेस नुसती." नालोंगोने काटोला खांद्यावर घेतलं. "लागलं मला." मग तिने नाक पुसलं. "आणि दुसरं म्हणजे, तुझ्या लिखाणात आज पहिल्यांदा मीठ पडलं."

शरमेने मान खाली गेली असतानाही नासूनाला तोच जुना हेवा वाटला. दुखावली तरी वाक्य हिचंच सरस! उद्या ते सगळ्यात वर दिसणार.

"मला माफ कर," ती म्हणाली. आणि मग राहवेना. "पण ते मिठाचं वाक्य माझं हं. तू लिहायचं नाहीस."

नालोंगो बघतच राहिली. "बाई गं! माफी मागायला आलीस की लुटायला?"

"दोन्हीला."

"घे मग," असं म्हणून हसत तिने घामेजलेला काटो नासूनाच्या हातात कोंबला. "आधी हा घे."

काटोची टाळू नेमकी नासूनाच्या नाकाखाली आली. भाजलेले शेंगदाणे. मेलीने अगदी बरोबर लिहिलं होतं.