अकरा जणांचा एक पत्ता

"ताई, स्पॅम बघा ना एकदा."

"त्यात काय बघायचंय? कचरा असतो तो," सारिका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "माझ्या मेलात काय येतं नि काय नाय, ते मला ठाऊक हाय गो."

काउंटरपलीकडची पोरगी, दिशा, काही हटेना. नर्सिंग कॉलेजच्या मुलाखतीची तारीख तिच्या मैत्रिणींना येऊन दोन दिवस झाले होते. त्यांनी महाडातून फॉर्म भरले होते. हिने भरला होता इथून, पोलादपूरच्या नाक्यावरच्या 'सारिका झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवा'मधून, आणि ईमेलच्या रकान्यात नेहमीप्रमाणे सारिकाने स्वतःचाच पत्ता टाकला होता.

हा तिचा चौदा वर्षांचा रिवाज होता. वरच्या वाड्यांतून माणसं फॉर्म भरायला येत. त्यातल्या निम्म्यांकडे ईमेल नसे आणि ज्यांच्याकडे असे त्यांना पासवर्ड आठवत नसे. मग सारिका म्हणे, "माझाच टाकते. काय आलं का फोन करते." आणि खरोखरच करी. कुणाचं पेन्शन, कुणाची सातबाऱ्याची नोंद, कुणाच्या पोरीचं हॉल तिकीट, सगळं तिच्याकडे येई. अर्ध्या तालुक्याचं टपाल आपल्या एका पत्त्यावर येतं याचा तिला अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

पोरीची समजूत घालावी म्हणून तिने डाव्या बाजूची यादी खाली ओढली. स्पॅम. चारशे बारा.

दुसऱ्याच ओळीवर कॉलेजचं नाव होतं. मुलाखत परवावर आली होती.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" दिशा जवळजवळ ओरडली. "अजून थोडे दिवस गेले असते तर उडाला असता. तीस दिवस झाले की आपोआप जातात इथून."

"आपोआप?"

"मग? ठेवून काय करायचे?"

सारिकाने तिला प्रिंट काढून दिली आणि उशीर झाल्याबद्दल वर चहा पाजायची तयारी दाखवली. पोरगी थांबली नाही. ती गेल्यावर सारिका एकेक ओळ खाली सरकू लागली. सेलच्या जाहिराती होत्या, कर्जाची आमिषं होती, परदेशातली लॉटरी होती. मग ओळीने एकाच लॅबचे मेल लागले. मोजले तर अकरा भरले. सगळे पाच ऑगस्टचे होते. पहिल्यावर नाव होतं भागोजीचं.

तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

जुलैच्या शेवटी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कंत्राटी कामगारांचं रक्त तपासलं होतं. ठेकेदाराचा सुपरवायझर विनीत अकरा जणांचे कोरे फॉर्म घेऊन दुकानात आला होता. अकराही एकाच खात्यातले, तीन नंबर प्लांटचे. रिपोर्ट ज्याला त्याला मेलने जाणार होते. सारिकाने अकरा वेळा स्वतःचा पत्ता टाकला होता आणि विनीतची थट्टाही केली होती, "एवढ्या सगळ्यांचं रक्त माझ्याच घरी पाठवणार काय रे?"

आज एकतीस ऑगस्ट होता. भागोजीला जाऊन सतरा दिवस झाले होते. काविळीने गेला, असं सगळे म्हणत होते. ती दहाव्याला जाऊन आली होती, त्याच्या बायकोचा, आवडीवहिनीचा, हात हातात घेऊन बसली होती.

तिने भागोजीचा मेल उघडला. वर पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं, 'हा मेल इथे का आहे? या पत्त्यावरून आलेले मेल तुम्ही स्पॅम म्हणून कळवले होते.'

मी? मी कधी कळवलं?

मग आठवलं. याच लॅबची जाहिरात रोज येऊन पडत होती, श्रावण ऑफर, पूर्ण शरीराची तपासणी. एका दुपारी वैतागून तिने त्या सगळ्या जाहिरातींवर खुणा केल्या होत्या आणि एक बटण दाबलं होतं. यंत्राने तिचं ऐकलं होतं. कुणी गफलत केली नव्हती, तिच्याच बोटाने केलेलं काम होतं ते.

रिपोर्टमधलं इंग्रजी तिला सगळं कळत नव्हतं. आकडे कळत होते. लिव्हरच्या ओळीत 'चाळीसपर्यंत' असं छापलं होतं आणि पुढे जाड अक्षरांत अकराशे साठ. खाली एक ओळ होती, तातडीने डॉक्टरांना दाखवावे, काम थांबवावे.

तिने बाकीचे दहा उघडले. चौघांच्या त्याच ओळीत आकडा जाड होता. कुणाचा दोनशे, कुणाचा साडेतीनशे.

पुढचा अर्धा तास तिने एकाही गिऱ्हाईकाकडे पाहिलं नाही. दहा मेलांवर खूण करून 'स्पॅम नाही' दाबलं, लॅबचा पत्ता मेलच्या संपर्कांत घातला, यापुढे इथून आलेलं काहीही स्पॅममध्ये टाकायचं नाही असा नियम करून टाकला. दहा फोन केले, रिपोर्ट स्पॅममध्ये पडले होते आणि चार दिवसांत आपोआप गेले असते, हेही सांगितलं. ज्यांचे आकडे वाढले होते त्यांना दरडावलं, "उद्याच्या उद्या डाक्टर गाठायचा. कामावर जायचं नाय." त्यातला अश्विन हळू आवाजात म्हणाला, "जातो ताई. पण विनीतशेठला बोलू नका हां. काढून टाकतील."

अकरावा मेल, भागोजीचा, होता तिथेच राहिला. चार तारखेला तो आपोआप जाणार होता.

त्या संध्याकाळी तिला दुकानातल्या बाकड्याकडे बघवेना. सात ऑगस्टला भागोजी त्याच बाकड्यावर बसला होता. लॉकडाऊनमध्ये मुंबई सोडून आलेला, कमी बोलणारा, वाडीतून येताना दरवेळी चार काकड्या नाहीतर अळूची जुडी आणणारा माणूस. त्या दिवशी हात रिकामे होते.

"ताई, ते रक्ताचं आलं काय?"

तिने मेल बघितला होता. जिथे बघायची सवय होती तिथेच बघितला होता. "नाय आलं अजून. आलं का फोन करते."

"अंगात दमच नाय वाटत वो."

"डोळे किती पिवळट दिसतायत! जागरणं झालीत तुमची. रात्रपाळी बंद करा," असं म्हणून ती हसली होती. दहा तारखेला तो पुन्हा आला होता. पुन्हा तेच उत्तर घेऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तिने महाडच्या डॉक्टर अनुपमांना रिपोर्टचा फोटो पाठवला. नाव झाकून पाठवला. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"हा पेशंट आहे कुठे? आधी ॲडमिट करा."

"गेला तो. रिपोर्ट आल्यावर नऊ दिवसांनी."

डॉक्टरांनी विचारलं, "आणि नऊ दिवस काय चाललं होतं?"

"कामावर जात होता. मग झाडपाल्याचं औषध. रिपोर्ट मिळाला नव्हता त्याला." सारिकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मिळाला असता तर वाचला असता काय हो?"

"वाचला असता असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "आणि नसता वाचला असंही म्हणणार नाही. पण कामावरून त्याच दिवशी उठवला असता. एवढं नक्की."

ती फोन ठेवते तोच विनीत आला. दुकानाबाहेर मोटरसायकल लावली, आत येऊन त्याच बाकड्यावर बसला आणि हसला. त्याचं हसणं नेहमीचंच होतं, पण सारिकाला ते आज आवडलं नाही.

"पोरांना फोन केलेत म्हणे."

"रिपोर्ट आले. सांगायला नको?"

"सांगा की. चांगलंच केलंत." तो बोटातली अंगठी फिरवत राहिला. "भागोजीचा पण असेल ना त्यात?"

सारिकाने स्क्रीन आपल्याकडे वळवली.

"तो घरी नेऊ नका, ताई. दुःखात आहेत ती माणसं. आणि साहेबांना सांगून मी सुनीलला घेतलंय, बापाच्या जागी. उद्या पहिली पाळी. गणपतीच्या आधी पोरगं कामाला लागलं, आवडीवहिनी पाया पडायच्या बाकी होत्या."

"बापाच्या जागी म्हंजे? तीन नंबरात?"

"जागा तिथंच रिकामी आहे ना."

सारिका पुढे झुकली. "कंपनीकडं पण गेले असतील ना हे कागद? त्यांना दिसला नाय तो आकडा?"

"मला काय माहीत? मी गाडीत माणसं भरतो आणि उतरवतो." तो उठला. दारात थांबून तो अगदी आपुलकीने बोलला. "ताई, तो कागद नेलात तर लोक आधी तारीख वाचतील. कंपनीचं नाव निघायच्या आधी तुमचं निघेल. अश्विन म्हणत होता, त्या स्पॅमातलं आपोआप जातं. मग जाऊ दे ना. तुम्ही काही पुसायला नको, काही नको."

मोटरसायकल गेली. सारिका खुर्चीत बसून राहिली. तो खोटं बोलला नव्हता, हेच वाईट होतं. तीन दिवस हातावर हात ठेवून बसायचं, की चौदा वर्षांचं नाव शाबूत. मग कुणाला काही दाखवायला उरलंच नसतं. तिला ते हवंसं वाटलं. अगदी मनापासून हवंसं वाटलं, आणि त्याची तिला भीती वाटली.

तिने अकराव्या मेलावरही 'स्पॅम नाही' दाबलं आणि मग प्रिंटरचं बटण.

वाडीवर पोचेपर्यंत दुपार टळली होती. पडवीत सुनील नवे जाडजूड बूट घालून टकटक चालून बघत होता. बावीस वर्षांचा, बापासारखाच उंच. आवडी चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. "ये ताई, बस. बघ गो, कंपनीने बूट दिलं. ह्यांना दोन वरसं मागून नाय गावलं."

अंगणाच्या कडेला न्हाणीचं पाणी जायचं तिथे अळूचं बन होतं. त्याच्या मधोमध एक पट्टा करपून काळा पडला होता. सारिका तिकडे बघत राहिली.

"ह्यांचं कामाचं कपडं तिथं धुवायची मी," आवडी म्हणाली. "वास म्हणशील तर जायाचाच नाय. आता पोराचं दुसरीकडं धुवीन."

सारिकाने पिशवीतून कागद काढला. तो आवडीला द्यायचा की सुनीलला, हे तिला ठरवता येईना. शेवटी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला.

"भागोजींचा रक्ताचा रिपोर्ट. सुनील, तू उद्या जाऊ नकोस. ह्या खात्यात चार जणांचं असंच आलंय. तुझ्या बाबांचं सगळ्यांत जास्त."

सुनीलने कागद उचलला. विनीतने सांगितलं होतं तसंच झालं. त्याची नजर आकड्यावर नाही, वरच्या कोपऱ्यावर थांबली.

"पाच ऑगस्ट," तो म्हणाला. "हा पाच तारखेला आला?"

"हो."

आवडीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "सात तारखेला हे तुझ्याकडं आलं व्हतं."

"हो, वहिनी."

"दहाला पन आलं व्हतं. चालवत नव्हतं तरी आलं. म्हनले, ताई बघून ठेवील."

"दुसऱ्या खणात पडला होता मेल. माझ्याच हातून तिकडं गेला. मी बघितलंच नाय तिथं." सारिकाला रडू फुटलं. रडायचा हक्क आपला नाही हे कळत असूनही तिला ते थांबवता आलं नाही. "काल गावला."

कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. सुनील खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. शेंगा बाजूला सारून आवडी म्हणाली, "दिवस मावळंल. घाटातनं जायचंय तुला. नीघ."

सोमवारी सारिकाने सहाच्या आधीच दुकान उघडलं. सव्वासहाला कंपनीची बस नाक्यावर येऊन थांबली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. रोज चढणाऱ्यांतले चार जण आज नव्हते, आणि नवा पाचवाही नव्हता. विनीतने खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता पाहिला, मग दुकानाकडे पाहिलं. तो हसला नाही. बस महाडच्या दिशेने निघून गेली.

नऊच्या सुमारास आवडी आणि सुनील आले. सुनीलच्या काखेत बुटांचा खोका होता.

"हे परत करायचंय. आनि अर्ज लिवायचाय," आवडी म्हणाली. "ह्यांचं रगात असं झालंवतं, तर कंपनीने कामावर कसं घेतलं, ते इचारायचंय. वर कुठं लिवायचं असंल तिथं लिव."

"बसा, वहिनी."

आवडी बसली नाही. ती पायरीवर, बाहेरच उभी राहिली. बाकडं रिकामं होतं.

सारिकाने अर्ज लिहिला. सुनीलने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं घेतलं. 'रिपोर्ट उशिरा मिळाला' या वाक्यापाशी ती थांबली आणि उशीर कुणामुळे झाला तेही स्वतःच्या नावानिशी लिहिलं. खाली ईमेलचा रकाना आला. चौदा वर्षांच्या सवयीने तिची बोटं आपला पत्ता लिहू लागली.

"तिथं तुझं नको, बाई," आवडी पायरीवरून म्हणाली. रागावली नव्हती, नेहमीच्याच आवाजात बोलली. फक्त आज ती 'ताई' म्हणाली नाही. "पोराचं टाक."

सारिकाने अक्षरं पुसली. सुनीलच्या नावाने नवा पत्ता काढला, पासवर्ड त्यालाच टाकायला लावला, तोंड दुसरीकडे फिरवून. मग भागोजीचा रिपोर्ट त्या पत्त्यावर पाठवला.

सुनील मोबाईलकडे बघत राहिला. "नाय आला."

"थांब जरा."

"नायच आला."

सारिकाला कळलं. "स्पॅममधी बघ."

त्याने अंगठ्याने यादी खाली ओढली. "हाय. इथं पडलाय. तुमच्याकडनं आलेला."

"मग 'स्पॅम नाही' दाब. म्हंजे जाणार नाय."

त्याने दाबलं. बाहेर पायरीवर आवडी पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

"आला काय रे?" तिने विचारलं.

"आला गो आई," सुनील म्हणाला. "बाबांचा रिपोर्ट आला."