रिठ्याचे पाणी

पाँडिचेरीहून सोने-चांदी गाळणारा गलाईवाला सुटीला आला, की त्याच्या ट्रंकेत दारूची एखादी बाटली असतेच, हे चौऱ्याहत्तर साली विट्याकडच्या गावांत कुणाला सांगावे लागत नसे. त्यामुळे मुलाच्या, जोतीरामच्या ट्रंकेत फ्रेंच अक्षरांची बाटली दिसताच म्हाताऱ्या कोंडीबांनी कुणाला न विचारता मोठा घोट घेतला. ते सोने गाळण्याची भांडी साफ करायचे रसायन होते. जोतीराम कोरेगावला गेलेला.

कोंडीबांचे ओठ पांढरे पडले, तोंडातून लाळ गळू लागली. त्यांच्या बायकोने, तानुबाईंनी, रिठे कुस्करून वाडगाभर पाणी केले. भलतेसलते पोटात गेले, की हे पाजून ओकारी काढायची, ही तिथली जुनी रीत.

"आत्याबाई, थांबा!" सून अंजना बाटली घेऊन दारात, उजेडाला आली. सांगलीच्या कॉलेजात ती दोन वर्षे फ्रेंच शिकली होती.

"थांबू? माणूस आतनं जळतंय, आन् तू वाचत बसतीस व्हय गं?"

लेबलावर लाल अक्षरांत एक ओळ होती. 'न पा' म्हणजे करू नका. तेवढे लगेच कळले. पुढचे शब्द लांबलचक होते. शब्द अंगावर आला, तर त्याचे तुकडे करा, धातू शोधा, असे प्राध्यापिका सांगत. बोटाने तिने अक्षरे झाकली. प्रो-व्हो-के. 'प्रो' म्हणजे पुढे, 'व्होक' म्हणजे हाक. हाक मारून बाहेर आणणे. मग व्हो-मिस-मां. शेवटचा 'मां' नुसता प्रत्यय. तो काढला, की उरले 'व्होमिस'. हा धातू तिला शिकवलेलाच नव्हता.

वम्. वमन. संस्कृतातले वमन, म्हणजे ओकारी?

पण सारखेपणा फसवतो, हेही त्याच बाईंनी सांगितले होते.

"आत्याबाई, वकवायचं न्हाई."

"तसं लिव्हलंय, का तुला वाटतंय?"

खोटे बोलणे सोपे होते. "वाटतंय," अंजना म्हणाली आणि तिने सासूचे मनगट धरले.

शेजारच्या लालासाहेबांच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉलीत कोंडीबांना निजवले. तानुबाईंनी वाडगा पदराखाली घेतला. "तुजं चुकलं, तर वाटंतच पाजीन."

रस्ताभर बाटली मांडीवर धरून अंजना तेच तुकडे पुन्हा पुन्हा जुळवत राहिली, आणि दर खेपेस तिची खात्री कमीच होत गेली. खड्ड्यात चाक गेले, की कोंडीबा कण्हत. तानुबाईंचा हात वाडग्याकडे जाई, अंजनाकडे पाहून थांबे.

विट्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ओकारी काढली का?"

"न्हाई," तानुबाई म्हणाल्या.

"बरं केलंत. वर येताना पुन्हा सगळं जाळलं असतं. पण वाचतील का, ते आत्ताच सांगता येणार नाही." दार बंद झाले.

तानुबाई बाहेर जाऊन वाडगा गटारात रिकामा करून आल्या. बाकावर सुनेला टेकून बसल्या.

"बाटलीवर आनिक काय लिव्हलंय गं? समदं वाच."

अंजनाने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले.