श्वास घेणारी टॅक्सी

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी उभी होती आणि तिच्याभोवती एवढी माणसं, की मागच्यांना नुसता आवाज ऐकू येत होता. आवाजच तसा होता. आत कुणी बसलेलं नाही, पायडलवर पाय नाही, तरी इंजिन आपोआप चढायचं, उतरत उतरत विझायला यायचं आणि पुन्हा चढायचं. धाप लागलेल्या माणसासारखं.

“घेतोय बघा श्वास,” मठाचे महाराज म्हणाले. पुढची रांग दोन पावलं मागे सरकली.

गर्दीत टॅक्सीवाल्याची धाकटी बहीण उभी होती. शाळेत विज्ञान शिकवायची आणि भावाच्या मते नको तिथे नाक खुपसायची. इंजिनाचा कॉम्प्युटर जळला म्हणून भावाने भंगारातल्या गाडीचा आणून बसवला होता. ती गाडी अपघातातली. चालवणारा तरुण जागीच गेलेला. तेव्हापासून हे सुरू झालं, आणि गल्लीला आणखी काही सांगावं लागलं नाही.

महाराज याआधी दोनदा आले होते. चेल्याला आत बसवायचे. त्याने किल्ली फिरवायची पण इंजिन लावायचं नाही, महाराजांचा एक मंत्र. किल्ली बंद, दुसरा मंत्र. मग इंजिन लावून पायडलला पायही न लावता लांबलचक मंत्र. तो संपेपर्यंत इंजिन शांत व्हायचं. चार दिवसांनी चेला महाराजांनी बॉनेटमध्ये बांधलेला काळा धागा बदलून जायचा आणि श्वास पुन्हा सुरू.

या खेपेला त्यांनी मोल सांगितलं होतं. “एकटा आहे तो. सोबत मागतोय. घरातली लेक वर्षभर मठात सेवेला राहू दे. नाहीतर याच गाडीत तो कुणाला तरी नेईल.”

तिची भाची, टॅक्सीवाल्याची लेक, घराच्या दारात उभी होती. पायाशी बॅग. मठाची गाडी मागे उभी होती, काचा काळ्या. बाहेर आलेल्या मठातल्या मुली कशा गप्प असतात, ते आत्याने पाहिलं होतं. ती टॅक्सीच्या दाराशी उभ्या भावापाशी गेली.

“दादा, बाजूला हो.”

“आता तू नको सुरू होऊस,” भाऊ पुटपुटला. “वर्षभराचा तर प्रश्न आहे.”

तिने त्याला सारून टॅक्सीचं दार उघडलं.

“बाई, हात लावाल तर भोगाल,” महाराज म्हणाले.

“भोगते की,” म्हणत ती आत बसली. इंजिन बंद करून किल्लीचा तोच क्रम तिने केला. मंत्राच्या जागी मोठ्याने बेचा पाढा, मग तीनचा. शेवटी इंजिन लावून, पाय आखडून, एकोणतीसचा. मागे कुणीतरी हसलं. पाढा संपेपर्यंत इंजिन एकसुरी चालू लागलं होतं.

मग ते बंद करून तिने बॉनेट उघडलं. “काल हा चेला धागा बदलायला आला तेव्हा मी खिडकीत होते. धागा बांधायला पाना कशाला लागतो?”

चेल्याने महाराजांकडे पाहिलं. तिने त्याच्या खिशातून पाना ओढला, बॅटरीची वायर सोडवली, थोड्या वेळाने पुन्हा आवळली आणि इंजिन लावलं. श्वास सुरू झाला.

“गाडी उभी असताना इंजिनात किती हवा सोडायची ते हा कॉम्प्युटर ठरवतो,” ती म्हणाली. “दुसऱ्या गाडीतून आणलेल्याला या इंजिनाची सवय नसते. कधी जास्त सोडतो, कधी कमी. किल्लीच्या त्या क्रमाने तो शिकतो, बॅटरी सुटली की विसरतो. काल गॅरेजवाल्याला विचारून आले. दादा, तो तुला थांब म्हणत होता, तू घाईत गाडी काढलीस. आणि मठ काढायच्या आधी हे महाराज त्याच्याकडेच मिस्त्री होते.”

महाराज काळ्या काचांमागे जाऊन बसले. गाडी बाजारपेठेकडे वळली. तिकडेही त्यांची वाट पाहणारे असणारच.

गर्दी मात्र हलेना. एक म्हातारा कुरकुरला, “पण तो पोरगा मेला होता, हे तर खरं ना?”

“खरं आहे. त्याचं वाईट वाटून घ्या, त्याला घाबरू नका. आणि कुणी तुमची लेक मागितली, तर आधी कारण विचारा. विचारल्याने काही बिघडत नाही. न विचारता दिलेली पोर परत येईलच असं नाही.”

भावाने स्वतः किल्ली फिरवली, थांबला, क्रम पुरा केला. इंजिन शांत झाल्यावर त्याने बॅग उचलून घरात ठेवली आणि लेकीसमोर येऊन उभा राहिला.

“चुकलो गं. मी फार घाबरलो होतो.”

“मीपण, बाबा,” ती म्हणाली. “मी रात्रभर जागी होते. तुम्ही घोरत होतात.”