न वाचलेली दोन पानं

आयुष्यात एकाच कागदावर मी न वाचता सही केली, आणि नेमकं त्याच कागदाच्या शेवटी लिहिलेलं होतं की मी तो वाचून पाहिला आहे.

तासगावपासून थोड्या अंतरावर आमचं कवठाळी गाव. तिथल्या वाचनालयात मी एकेचाळीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी दुपारी तीनला कुलूप मीच काढतो. एका मंगळवारी दोनच्या सुमाराला लालासाहेबाच्या हॉटेलावरून जाताना शिंगटे हवालदारांनी हाक मारली.

"नाना, या की! लाला, नानांना च्या दे. आन् नाना, हितं तेवढी सही टाका. जयराजच्या शेडमधनं बेदाणा गेलाय न्हवं, त्याचा पंचनामा हाय."

जयराज म्हणजे गावातला बेदाण्याचा व्यापारी. दोन पानं होती, दोन्ही भरलेली. लालासाहेबाने आधीच सही केली होती. तो हवालदारांचा कायमचा पंच. गावात काहीही सापडलं, की ते सापडताना लालासाहेबाने पाहिलेलं असे. माझा चष्मा खिशातच होता. पण दहा माणसांसमोर चष्मा काढून पोलिसाचा कागद वाचत बसायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. हवालदारांनी पेन पुढे केलं. मी सही केली, चहा घेतला आणि वाचनालय उघडायला गेलो.

बुधवारी सकाळी चांदबी माझ्या घराच्या दारात आली. आम्ही सगळे तिला चांदभाभी म्हणतो. तिचे मालक जाफरभाई गाद्या शिवायचे. ते गेल्यापासून मशीन तीच चालवते. तिने पायरीवरूनच विचारलं,

"नाना, तुमी कवा आला हुता आमच्या घरी?"

"मी? नाही बुवा."

"हवालदार म्हनले, चुलीमागनं बेदाण्याच्या दोन पेट्या निघाल्या ते वाचनालयाच्या नानांनी डोळ्यांनी बघितलं, त्यांची सही हाय. म्हटलं, एवढा मोठा मानूस घरी येऊन गेला आन् मला पत्ता न्हाई. च्या तरी केला असता."

ती रडली असती तर बरं झालं असतं.

तिच्या रिजवानला मंगळवारी संध्याकाळी घरून उचललं होतं. तो जयराजच्या शेडवर बेदाणा निवडायला जायचा आणि चोरीनंतर दोनच दिवसांनी त्याने काम सोडलं होतं. संशयाला तेवढं पुरलं. त्याने काम सोडलं ते लष्कराच्या भरतीत उतरल्यामुळे. धावणं झालं होतं, लेखी झाली होती, वैद्यकीय झाली होती. उरली होती पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी.

"दुपारी कोर्टात नेनार हायत," चांदभाभी म्हणाली. "एकदा नाव चढलं की मिल्ट्रीवालं घेत न्हाईत, नाना. चार वर्सं पळतंय माझं पोरगं."

ती गेल्यावर मी वाचनालय उघडलं आणि कपाटांमधल्या वाटेत उभा राहिलो. घाबरलो की मी तिथेच जातो. माझी सही खोटी ठरवायची म्हणजे मी स्वतः खोटा ठरणार. शिवाय मला नीट बोलता येत नाही. वाचनालयाच्या वार्षिक सभेतही माझा अहवाल दुसरंच कुणीतरी वाचतं. मग मी वाचकांचं नोंदपुस्तक काढलं. मंगळवारी तीनपासून बंद होईपर्यंत अकरा जण येऊन गेले होते. प्रत्येकाच्या नावापुढे वेळ होती आणि सगळ्या वेळा माझ्या हातच्या होत्या. नोंदपुस्तक काखेत मारलं आणि निघालो. वाटेत लालासाहेबाच्या हॉटेलात थांबलो.

"लाला, चल पोलीस दूरक्षेत्रावर. आपण खोटी सही केली, ते सांगायचंय."

"आवं नाना, खुळं झाला का काय? तेरा पंचनाम्यांवर माझी सही हाय! एक उसवला तर सगळंच उसवायचं."

"मग मी जातो."

मी पुढे निघालो. मागून हॉटेलाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

पोलीस दूरक्षेत्र म्हणजे ग्रामपंचायतीमागच्या दोन खोल्या. त्या दिवशी पोलीस ठाण्याच्या नव्या सहायक निरीक्षक उत्कर्षा भोईटे तिथे आल्या होत्या. त्या म्हसवडकडच्या, वयाने माझ्या नातीएवढ्या असतील. रिजवान बाकावर बसला होता. पायांत धावायचे बूट होते, त्यांच्या नाड्या काढून घेतलेल्या. मॅडमनी विचारण्याची वाट न पाहता मी बोलून टाकलं.

"मॅडम, जप्तीच्या पंचनाम्यावरची सही माझी आहे. त्यातलं मी काहीही पाहिलेलं नाही."

त्यांनी फाईल उघडली. "काल पावणेपाच ते साडेपाच, आरोपीच्या घरी तुमच्यासमक्ष झडती झाली, असं लिहिलंय."

"पावणेपाचला मी वाचनालयात पुस्तकं देत होतो." मी नोंदपुस्तक टेबलावर ठेवलं. "सही दोन वाजता केली. लालाच्या हॉटेलात."

"झडतीच्या आधीच? आणि न वाचता?"

"हो."

"तुम्ही ग्रंथपाल ना?"

शिंगटे हवालदार हसत पुढे आले. "मॅडम, नानांचं वय झालंय. इसरत्यात ते."

हे मला लागलं, कारण ते खरं आहे. मी विसरतो. क्षणभर वाटलं, गेलो असेन का आपण? पण क्षणभरच.

"नावं विसरतो, छत्री विसरतो," मी म्हणालो. "पण चांदभाभीच्या घराचा उंबरा मी कधी ओलांडलेला नाही. विचारा मला, त्यांची चूल कुठल्या भिंतीला आहे. मला सांगता येणार नाही. आणि नव्या कायद्यात झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण करावंच लागतं. त्या कायद्याचं पुस्तक आमच्या वाचनालयात आहे, अजून कुणी नेलेलं नाही. चित्रीकरणात मी दिसतो का, बघा."

मॅडम हवालदारांकडे वळल्या. "दाखवा."

"रेंज नव्हती, मॅडम."

"चित्रीकरणाला रेंज लागते?"

दारातून लालासाहेबाचा आवाज आला.

"मॅडम, मीबी सही केलीय. मीबी गेलो न्हवतो. त्या दोन पेट्या काल सकाळधरनं हवालदारांच्या जीपमधी हुत्या. मी च्या द्यायला गेलो तवा बघितल्या. वर जयराजच्या शेडचीच चिठ्ठी हाय."

शिंगटे खाली बसले. नंतर बोलले ते मॅडमशी नव्हे, माझ्याशी. "नाना, पंच म्हनून कोन येतंय का या गावात? चार दारं वाजवली तर चारी बंद. वरनं रोज फोन, तपास कुठवर आला. तुमच्याकडं तीनदा आलतो मी. तुमी कपाटामागं लपला हुता. चपला भाईर दिसत हुत्या."

"लपलो होतो," मी म्हणालो. "ते माझं चुकलं. पण म्हणून हा पोरगा चोर होत नाही."

"नाही होत," मॅडम म्हणाल्या. "शिंगटे, तुमच्याविरुद्धचा अहवाल आजच वर जाईल. पेट्या शेडमधून जीपमध्ये कशा आल्या, ते जयराजनाही सांगावं लागेल. याला कोर्टात नेणार नाही. याच्याविरुद्ध काही नाही असं मी फाईलला लिहिते. आणि नाना, खोट्या पंचनाम्यावर सही केली म्हणून तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. तरी जबाब देताय?"

"तेही जबाबात लिहा. मी न वाचता सही केली, असं स्पष्ट लिहा."

त्यांनी स्वतः टाइप केलं. दोन पानं निघाली. शेवटची ओळ तीच: जबाब वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्यांनी पेन पुढे केलं.

मी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. बाहेर गाडी सुरू होती. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. लालासाहेब कानाशी कुजबुजला, "नाना, आवरा की."

"मॅडम, दुसऱ्या पानावर चूक आहे," मी म्हणालो. "सही दोन वाजता केली. इथे तीन पडलंय."

त्यांनी काहीही न बोलता पान दुरुस्त करून पुन्हा काढलं. तेही मी सगळं वाचलं. मग सही केली.

"आता माझा जबाब घ्या," लालासाहेब म्हणाला, "पर मला नानांनी वाचून दावायचा. सगळा."

रिजवान बाकावर बसून, वाकून बुटांच्या नाड्या ओवत होता. बाहेर पायरीवर चांदभाभी उभी होती. मी खाली मान घालून तिच्या शेजारून निघालो.

"नाना," ती म्हणाली, "आता तरी या. चूल कुठल्या भिताडाला हाय ते बघून जावा."